नांव ठेवावें कीं नांवें ठेवावीं?

मराठी भाषेची एक मौज पाहा. ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ यांत अंतर काय तें एका मात्रेचें. परंतु पहिल्यास पाळणा लागतो, घुगऱ्या लागतात, कानांत ‘कुर्र्’ करावयास आत्याबाई लागतात. दुसऱ्यास कांहींच लागत नाहीं. ओटीवर पाय पसरून बसलें कीं झालें. गेल्या दोन वर्षांत आमच्या हातून हीं दोन्ही कर्में एकाच झाडाखालीं घडलीं, आणि दोन्ही चुकलीं. तो प्रकार या महिन्यांत वाचकांपुढें ठेवतों. त्यांत आमची फजिती आहे खरी, पण ती सांगितल्यावांचून पुढची गोष्ट समजावयाची नाहीं.

आमचें घर पेण तालुक्यांतील डोलवी गांवीं. एका अंगास खारेपाटाचीं सपाट शेतें, दुसऱ्या अंगास धरमतरच्या खाडीचें पाणी. अलीकडे लोखंडाच्या मोठ्या कारखान्यामुळें आमच्या गांवाचें नांव दूरदूरच्या लोकांस ठाऊक झालें आहे. आम्ही मात्र पाहुण्यास घर सांगतांना अजून परसांतील आंब्याचीच खूण सांगतों. हें हापूसचें कलम आमच्या तीर्थरूपांनीं स्वहस्तें लावलें. पहिला पिकलेला आंबा देवापुढें, मग घरांतील चारी बिऱ्हाडांत सारखी वांटणी, हा त्यांनीं घालून दिलेला नियम आजतागाईत चालत आला आहे. एकत्र कुटुंबांत वादास निमित्तें पुष्कळ असतात. पण या झाडावरून वाद झालेला आम्हांस आठवत नव्हता. गेल्या वर्षीं तोहि झाला.

दोन वर्षांपूर्वीं पौषांत झाडाच्या आंतल्या बाजूच्या पानांवर पांढरे ठिपके दिसूं लागले. कोणी चुन्याचे शिंतोडे उडवावे तसे. आम्हीं उणींपुरीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें. विचारल्यावर उत्तर न देणें आमच्या हाडांतच नाहीं. चष्मा न लावतां वर पाहिलें आणि निर्णय दिला, ‘भुरी!’ भुरी ही आंब्याच्या मोहोरावर पडणारी बुरशी. तिला गंधकाची भुकटी लागू पडते. गंधक आणविलें, धुरळलें. ठिपके कमी झाले नाहींत, वाढले. दुसऱ्या वर्षीं पुन्हां गंधक, पुन्हां तोच अनुभव. पानें पिवळीं पडून गळूं लागलीं, बारीक फांद्या वाळल्या, आणि जीं थोडीं फळें आलीं त्यांच्या सालीवर गुलाबी डाग दिसले. तेव्हां आम्हीं दुसरा निर्णय दिला, ‘असाध्य!’

आमचा थोरला पुतण्या व्यवहारी आहे. झाडाच्या जागीं दोन खोल्या काढाव्या हें त्याच्या मनांत पुष्कळ दिवसांपासून होतें; घरांत माणसें वाढलीं आहेत, तेव्हां त्याचें म्हणणें अगदींच गैर नव्हे. तो म्हणाला, “काका, रोग असाध्य आहे असें तुम्हीच म्हणतां. मग शेजारच्या कलमांना लागण होईपर्यंत वाट कशाला पाहावयाची?” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, येथें दांडा आमच्या निदानाचा होता.

त्या वेळीं आमच्या थोरल्या वहिनी माजघरांतून बाहेर आल्या. झाडांना पाणी घालणें गेलीं चाळीस वर्षें त्यांच्याकडे आहे. त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुडतुडे पडतात त्या वर्षीं बुंध्यावर मुंग्यांची रांग लागते, पानें चिकट होतात, मग काळीं पडतात. यंदा झाड एवढें आजारी, पण एकहि मुंगी वर चढत नाहीं कीं पान काळें पडत नाहीं. हें कांहीं तरी निराळें आहे.” यावर आम्हीं काय करावें? “वहिनी, आतां मुंग्यांस विचारून का रोगाची परीक्षा करावयाची?” असें म्हणून आम्ही हंसलों. झाडाचें नांव चुकविलें होतेंच, त्यांत माणसासहि नांवें ठेविलीं.

दिवाळीच्या सुट्टींत वहिनींचा नातू घरीं आला. तो कॉलेजांत जीवशास्त्र शिकतो. आजीनें त्याला थेट झाडाखालीं नेलें. त्यानें एक पान तोडलें, खिशांतून भिंग काढलें आणि आजीच्या शिवणाच्या डब्यांतील सुई मागितली. सुईचें टोंक ठिपक्याच्या कडेखालीं घालतांच तो ठिपका झांकणासारखा अलगद उचलला गेला, आणि खालीं एक मऊ, तांबूस, बिनपायांचा जीव पानाला चिकटून बसलेला दिसला. “आप्पाआजोबा, ही बुरशी नव्हे. ही कीड आहे.” आम्ही चष्मा लावून पाहिलें. पस्तीस वर्षांच्या मास्तरकीनंतर एका सुईनें आम्हांस विद्यार्थी केलें.

ही ती कवचधारी खवले कीड. हिचें चरित्र वाचकांस ठाऊक असावें म्हणून थोडक्यांत सांगतों. अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिलास सहा पाय असतात. तें थोडें हिंडतें, वाऱ्यानें दुसऱ्या झाडावरहि जातें, आणि मनाजोगी जागा मिळाली कीं केसासारखी सोंड पानांत खुपसून बसतें. मादी एकदां बसली ती बसलीच. पहिल्याच कात टाकण्यांत तिचे पाय जातात. मग अंगांतून निघणारें मेण आणि टाकलेल्या काती यांचें ती आपल्यावर छप्पर घालते. आमच्या आंब्यावरील मादीचें छप्पर वाटोळें, पांढरें, फार तर दोन मिलिमीटरचें, म्हणजे मोहरीएवढें. नराचें लांबट, त्याच्या निम्म्याएवढें, आणि त्यावर तीन उभ्या कण्या. नरास शेवटीं पंख फुटतात. पण तोंड नसतें, म्हणून तो खात नाहीं, आणि थोड्याच काळांत मरतो. मादीचा सारा संसार, बाळंतपण आणि मरण त्या मोहरीएवढ्या छपराखालीं.

आणि वहिनींच्या मुंग्या? तुडतुडे, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड हीं झाडाच्या रसवाहिन्यांतील साखरेचें पाणी ओढतात. जास्त झालेली साखर बाहेर टाकतात. त्या गोडव्यास मुंग्या येतात आणि त्यावरच काळी कोळशी वाढते. कवचधारी कीड वाहिनींतून पीत नाहीं. ती पानाच्या पेशींतील रस शोषते आणि गोड थेंब मुळींच टाकीत नाहीं. म्हणून मुंगी नाहीं, कोळशीहि नाहीं. कीटकशास्त्राच्या पुस्तकांत जी खूण दिलेली आहे ती वहिनींनीं पाण्याची कळशी हातीं असतां ओळखली होती.

या कुळाशीं आपल्या घरांची ओळख नवी नव्हे. ज्या लाखेनें पांडवांचें जतुगृह बांधलें, जिच्या रंगाला संस्कृतांत अलक्तक आणि मराठींत अळिता म्हणतात, ती लाक्षा अशाच एका कीटकाच्या अंगांतून पाझरते. तो कीटक कवचधारी कुळांतला नव्हे, चुलतभाऊ म्हणावा. त्याची राळ त्याच्या अंगास चिकटून असते, आमच्या किडीचें छप्पर सुईनें वेगळें होतें. एकाच गोत्रांत एक घर उपकारी आणि एक उपद्रवी निघावें तशी ही गत.

आतां आमची दुसरी चूक. नातवानें आपलीं पुस्तकें चाळलीं. त्यांत आमच्या किडीसारखें चित्र सांपडेना. मग तो हळूच म्हणाला, “आप्पाआजोबा, ही नवी जात असेल तर?” या एका वाक्यानें घर पालटलें. कुऱ्हाड विसरली. पुतण्या म्हणाला, तात्यांच्या नांवावरून नांव ठेवूं. कोणी म्हणालें, डोलवीचें नांव लावूं. आम्हीं संस्कृतांतून चार समास जुळवून ठेविले. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, “आधीं तें मूल कोणाचें आहे तें तरी पाहा. दुसऱ्याच्या घरीं बारसें झालेलें असेल.”

नव्या जातीचें बारसें कसें होतें तें आम्हीं तेव्हां समजून घेतलें. वरचें कवच पाहून जात ठरत नाहीं. अनेक जातींचीं छपरें सारखींच दिसतात. पूर्ण वाढलेली मादी घ्यावी लागते. तिला दाहक पोटॅशच्या पाण्यांत ठेवून आंतील मांस विरघळवितात, उरलेलें पारदर्शक कातडें रंगवून कॅनडा बाल्सम नामक राळेंत कांचेवर बसवितात. मग सूक्ष्मदर्शकाखालीं तिच्या शेवटच्या भागाची परीक्षा. तेथें अनेक वलयें एकत्र जुळून एक त्रिकोणी पट्टिका झालेली असते, आणि तिच्या कडेला करवतीच्या धारेसारख्या पाळ्या, कांटे आणि मेण पाझरणारीं छिद्रें असतात. पाळ्या किती, त्यांचा आकार कसा, छिद्रांच्या ओळी किती, यावर सारें अवलंबून. तिचें चित्रहि मोठें चमत्कारिक काढतात; मध्यें रेघ ओढून डाव्या अर्ध्या भागांत पाठ आणि उजव्या अर्ध्या भागांत पोट, असें एकाच आकृतींत दोन्ही दाखवितात.

त्यापुढें खरें काम लागतें. या एका कुळांत अडीच हजारांहून अधिक जातींस नांवें मिळालेलीं आहेत. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून जुनीं नांवें मोजतात, आणि जें नांव आधीं रीतसर छापलें तेंच सामान्यतः खरें, असा त्यांचा दंडक आहे. म्हणून आपला नमुना जवळच्या प्रत्येक जातीशीं ताडून पाहावा लागतो, आणि तो कोठें निराळा पडतो हें लिहावें लागतें. मग एका नमुन्यास नांवाचा आधार म्हणून निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. तो कोणत्या झाडावर, कोणत्या गांवीं, कोणत्या दिवशीं मिळाला हें लिहून तो संग्रहालयांत जपून ठेवतात. पुढें शंभर वर्षांनीं कोणास शंका आली तर त्यानें त्या कांचेपाशीं जावें. आमच्या पाठशाळेंत शब्दाचा वाद पडला कीं गुरुजी मूळ सूत्रावर बोट ठेवीत. तशीच ही रीत.

नातवानें वाळलेल्या फांद्या आणि पानें कागदी पाकिटांत घालून, वर गांव, तारीख आणि झाड लिहून, एका कीटकशास्त्रज्ञांकडे धाडलीं. कांहीं आठवड्यांनीं उत्तर आलें. कीड नवी नव्हती. तिचें नांव ‘ऑलाकास्पिस ट्युबर्क्युलॅरिस’. रॉबर्ट न्यूस्टेड या इंग्रज पंडितानें फॉर्मोसा बेटावरील, म्हणजे आजच्या तैवानांतील, नमुन्यांवरून १९०६ सालीं तिचें बारसें केलेलें आहे. इतकेंच नव्हे, तर पुढें तीच कीड दालचिनीच्या झाडावर मिळाली असतां त्याच पंडितानें तिला दुसरी जात समजून आणखी एक नांव दिलें. तें पुढें रद्द झालें. जाणत्यासहि असें होतें, हें वाचून आमच्या भुरीचें दुःख किंचित् हलकें झालें.

घरांतील मुलें हिरमुसलीं. पण त्या पत्राचें दुसरें पान पहिल्याहून मोलाचें होतें. नांव कळलें त्याबरोबर हिची लागण कशी वाढते, ती कोणत्या ऋतूंत हिंडते, तिचे वैरी कोण, हें जगभर जें शोधून ठेविलें आहे तें सारें आमच्या दारीं आलें. गंधक बुरशीवर, या छपराखालच्या जिवास त्याचा त्रास काय होणार? दोन वर्षें आम्हीं परक्याच्या पत्त्यावर पत्रें घालीत होतों.

नांव चुकलें तर केवढी किंमत पडते याचें एक मोठें उदाहरण सांगतों. कॅलिफोर्नियांत संत्र्या-लिंबांच्या बागांवर तांबडी कवचधारी कीड पडे. तिचे शत्रू पूर्वेकडील देशांत असतील म्हणून शोध चालला. परंतु त्या किडीच्या सख्ख्या बहिणी इतक्या सारख्या दिसतात कीं शोधणाऱ्यांची गल्लत होई. शिवाय तिच्यावर जगणाऱ्या एक मिलिमीटरएवढ्या पिवळ्या गांधिलमाशाहि एकसारख्या. ‘ही आमच्याकडे आहेच’ असें समजून नव्या जाती हातच्या सोडल्या गेल्या. १९३७ सालीं हॉवर्ड मॅकेंझी यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं त्या बहिणी-बहिणींतील भेद मांडले. पुढें गांधिलमाशांचेहि भेद उलगडले. १९५६-५७ सालीं पॉल डीबाक यांनीं हिंदुस्थान आणि पाकिस्तान येथून नेलेली एक माशी तेथें अशी रुजली कीं तांबड्या किडीवरील नामांकित उपायांत तिची गणना झाली. तिला ‘अफायटिस मेलिनस’ हें नांव १९५९ सालीं मिळालें. औषध आपल्या अंगणांत होतें. नांवांच्या गोंधळानें तें इतकीं वर्षें झांकलें होतें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें, आणि उलटें. किरमिजी रंग देणारा कोचिनीलचा किडा निवडुंगावर वाढतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळीं, १७९५ सालीं, तो म्हणून ब्राझीलहून एक किडा हिंदुस्थानांत आणला. तो निघाला त्याच वंशांतील दुसराच. रंग त्याचा हलका. पण त्यानें येथील एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला. पुढें १८३६ च्या सुमारास त्याला मुद्दाम दक्षिणेंत सोडून निवडुंग हटविण्याचें काम त्याजकडून घेतलें. आणि गंमत अशी कीं, शंभर वर्षांनीं, १८९६ सालीं, अर्नेस्ट ग्रीन यांनीं सिलोनांतील नमुन्यांवरून त्याला सिंहलद्वीपाचें नांव दिलें! चुकीचें नांव घेऊन आलेला तो किडा सुदैवानें कामीं आला. प्रत्येक चूक इतकी सुदैवी नसते.

यावरून कोणी असें समजूं नये कीं नव्या जाती आतां उरल्याच नाहींत. हेच ग्रीनसाहेब सिलोनच्या खवले किडींवर पांच भागांचा ग्रंथ लिहीत १८९६ पासून १९२२ पर्यंत खपले. मद्रास इलाख्यांत टी. व्ही. रामकृष्ण अय्यर यांनीं हें काम आपल्या माणसांच्या हातीं आणलें. कलकत्त्याचें प्राणिसर्वेक्षण खातें १९१६ सालीं निघालें. तेथें आणि बंगळूर येथील राष्ट्रीय कीटकसंस्थेंत आजहि नव्या जातींचें वर्णन होत असतें. आपल्या सह्याद्रींतील रानांत अजून कितीतरी जीव बिननांवाचे असतील. परंतु त्यांस नांव देण्याचा अधिकार पाळण्याची दोरी प्रथम धरणारास मिळत नाहीं. घरोघर विचारून, हें मूल दुसऱ्या कोणाचें नाहीं अशी खात्री करून घेणारास मिळतो.

वाचक विचारतील, आंब्याचें काय झालें? तो उभा आहे. माघांत पुतण्यानेंच माणूस लावून दाट, किडक्या फांद्या छाटविल्या आणि त्या परसाबाहेर नेऊन जाळल्या. झाडाच्या पोटांत ऊन आणि वारा खेळूं लागला. ही कीड सांवलींत अधिक फावते. सडकेच्या अंगच्या पानांवरील धुरळा वहिनी पाण्यानें धुवून काढतात, कारण धुरळ्यांत तिच्या शत्रूंचें चालत नाहीं. उठल्या-सुटल्या फवारा मारण्याचें आम्हीं सोडलें. गेल्या पंधरवड्यांत नातवानें पुन्हां भिंग लावलें, तेव्हां कांहीं पांढऱ्या छपरांना टांचणीच्या टोंकाएवढें वाटोळें भोंक दिसलें. आंतून गांधिलमाशी बाहेर पडल्याची ती खूण. म्हणजे आम्ही ओटीवर बसून निर्णय देत होतों तेव्हांहि झाडाचे वैद्य आपलें काम करीत असावेत. न जाणों, आमच्या गंधकानें त्यांनाच त्रास झाला असेल.

झाड पूर्ण बरें झालें असें म्हणवत नाहीं. ठिपके अजून आहेत. यंदा मोहोर बेताचा आहे. खोल्यांचा प्रश्नहि मिटलेला नाहीं, तो पुढच्या वर्षावर गेला आहे. पण ज्या झाडास आम्हीं न पाहतां असाध्य ठरविलें त्याच्यावर निदान खोट्या आरोपाखालीं कुऱ्हाड पडली नाहीं.

एक काम राहिलें होतें, तें परवां केलें. वहिनी झाडास पाणी घालीत असतां आम्ही जवळ जाऊन म्हणालों, “वहिनी, मुंग्यांचें तुमचें बरोबर होतें. आम्ही हंसलों तें चुकलें.” त्यांनीं कळशी खालीं ठेविली नाहीं, एवढेंच म्हणाल्या, “बरें झालें. आतां ती दुसरी बादली भरून आणा, भाऊजी.” आम्हीं आणली.